डावीकडचं तेरेखोल

माझं जे चित्र लोकांना सगळ्यात जास्त आवडलं ते उलटं आहे. वरचं खाली असं नव्हे. उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे. अजूनही कुणी घरी आलं आणि भिंतीवरच्या त्या एचिंगसमोर उभं राहून ‘वा, काय समुद्र आहे’ म्हणालं की मला गप्प बसवत नाही. मी लगेच सांगून टाकते, हा केरीचा समुद्र नव्हे, आरशातला आहे. पाहुण्याचा विरस होतो. स्वतःच्याच अन्नात माती कालवायची मला सवय आहे, असं आई म्हणायची.

आम्ही पेडण्यातल्या कोरगावचे. वडील मराठी शाळेत मास्तर. गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची ही गोष्ट. त्याआधीची दोन-तीन वर्षं भाषेच्या वादात गेलेली. वडील मराठीच्या बाजूचे. मोर्च्यात घोषणा द्यायचे त्या मराठीत, आणि परत येताना बसमध्ये जागेवरून भांडायचे ते कोकणीत. आई याला ‘तुमच्या बाबांचं राजकारण’ म्हणायची. मी पणजीला चित्रकला शिकत होते. मुलीने चित्रकला शिकून काय करायचं हे वडिलांना नीट कळलं नव्हतं, पण मी हट्टी आहे हे कळलं होतं.

एचिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. जस्ताच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा काळा थर द्यायचा. त्यावर सुईने चित्र खरवडायचं. मग पत्रा तेजाबात ठेवायचा. मेण जिथे निघालं तिथे तेजाब जस्त खातं आणि बारीक चर पडतात. चरांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि पत्रा प्रेसमधून काढायचा. कागदावर जे उमटतं ते शिक्क्यासारखं, म्हणजे पत्र्यावर होतं त्याच्या उलट. म्हणून शहाणी माणसं आधी कागदावर चित्र काढतात, ते उलटं करून पत्र्यावर उतरवतात, आणि मग सुई हातात घेतात. मला ते रडकं काम वाटायचं. मी मेण लावलेला पत्रा पिशवीत घालून सरळ केरीच्या किनाऱ्यावर जाऊन बसले आणि समोर दिसेल ते खरवडायला लागले. याचा मला तेव्हा भलताच अभिमान होता.

केरीला रापण ओढत होते. लांबलचक जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात असतो. होडी उरलेलं जाळं घेऊन समुद्रात जाते, मोठा अर्धगोल घालत ते पाण्यात सोडत जाते आणि पुढे कुठेतरी पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी ओढायचं. मी होडी पाण्यात असतानाचा प्रसंग घेतला. चार जण वल्ही मारताहेत, होडीचा म्होरक्या तांडेल सुकाणूवर बसलाय, आणि एक माणूस उभा राहून जाळं सोडतोय. पाठीमागे तेरेखोलचा किल्ला. त्या चित्रासाठी मी पाच सकाळी गेले. पहिल्या दिवशी सगळे येऊन डोकावून गेले.

“गो बाय, पत्र्यार कितें खरवडता?” तांडेलाने विचारलं.

“तुमकां.”

“आमकां कित्याक? दर्या बरो आसा, तो काड.”

उभा राहून जाळं सोडणारा हा तांडेलाचा मधला भाऊ. सहा फुटांचा, रुंद, मिशीवाला, आणि डावरा. आख्ख्या केरीत डाव्या हाताने रापण सोडणारा तो एकटाच. बाकीचे ज्या बाजूला वळून जाळं फेकायचे त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला तो कमरेतून वळायचा आणि डावा हात डोक्यावरून नेऊन जाळ्याचा पदर लांब टाकायचा. त्यावरून त्याची थट्टा चालायची, पण जाळं त्याच्याइतकं कुणाचं सुटत नसे, म्हणून थट्टेपलीकडे कुणी जात नसे. त्याला मी दादा म्हणत असे. तिसऱ्या दिवशी तो माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, “बाये, पोट मात्शें ल्हान काड.” मी काढलं.

त्याची बायको आमच्या दारावर मासे आणायची. केरीहून पहिल्या बसने यायची, पाटी उतरवायची, आणि मग तिचं आणि आईचं जुंपायचं. आई डॉक्टरसारखी बांगड्याचे कल्ले उघडून बघणार, ती म्हणणार, “मावशे, बांगड्याक दोतोर जाय काय तुका?” आई म्हणणार, हा कालचा आहे. ती म्हणणार, तुझं वय झालं, तुला आज आणि काल कळेना. हे रोज. दोघींनाही त्याशिवाय दिवस गोड लागत नसावा. मी तिला वयनी म्हणायचे. चित्राचं तिला कळलं तेव्हा तिने मला विचारलं होतं, “म्हज्या घोवाक पत्र्यार घातलो खंय? बरें केलें. घरांत रावना, पत्र्यार तरी रावं.”

ते चित्र पणजीच्या प्रदर्शनात लागलं. नाव दिलं होतं ‘रापणकार’. शब्द दोन्ही भाषांत चालतो, त्यामुळे वडिलांची तक्रार नव्हती. कुणीतरी एक प्रत विकत घेतली, पेपरात दोन ओळी आल्या, आणि वडिलांनी सगळ्या नातेवाइकांना मराठीत पत्रं लिहिली. माझ्या सरांना मी विचारलं होतं, सर, सगळं उलटं आलंय, चालेल का? सर म्हणाले, समुद्राला डावं-उजवं नसतं. मला ते वाक्य फार आवडलं. मी ते पुढे दोघातिघांना माझं म्हणून ऐकवलंही.

पुढच्या वर्षी पाऊस सरता सरता दादा गेला. दर वेळी दर्यातून परत आलेला माणूस, काविळीने पंधरा दिवसांत गेला. वयनी बरेच महिने आली नाही. मग एका सकाळी पाटी घेऊन दारात उभी राहिली, कपाळ मोकळं, बाकी सगळं तसंच. आईने कल्ले न उघडता मासे घेतले. वयनी जरा थांबली आणि म्हणाली, “मावशे, अशी करू नाका. झगड मात्शें. ना तर माका रडूं येता.” आईने मग एक बांगडा उचलून नाक मुरडलं, पण तिला काही जमलं नाही.

त्या दिवशी वयनी माझ्याशी बोलायचं ठरवूनच आली होती. वर्सल जवळ आलं होतं, म्हणजे वर्षश्राद्ध. थोरले दीर, म्हणजे तांडेल, म्हणत होते फोटो दे, पेडण्याहून मोठा करून आणतो, हार घालायला हवा. फोटो एकच होता, लग्नातला. तो पावसाळ्यात काचेला चिकटला होता.

“सोडोवंक गेलें,” ती म्हणाली, “तर तोंड काचेर उरलें.”

तेव्हा फोटोवाली मतदार कार्डं आली नव्हती. रापणीवर कॅमेरा घेऊन कोण जाणार? विदेशी यायचे त्यांच्याकडे कॅमेरे असत, पण ते काढलेले फोटो घेऊन आपल्या देशी जायचे.

“पोरीक तो याद ना,” ती म्हणाली. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची असेल. “आनी बाये, माका आवाज आयकूंक येता तेचो. तोंड हाडूंक गेलें की येना. येतां येतां पयस वता.” तोंड येता येता लांब जातं, म्हणे. मग तिने विचारलं, “तुज्या पत्र्यार तो आसा न्ही?”

मी म्हटलं, आहे. माझ्याकडे तीन प्रती होत्या. त्यातली सगळ्यात चांगली मी म्हापशाहून फ्रेम करून आणली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि केरीला निघाले. खोटं कशाला सांगू, बसमध्ये मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. आपल्या कलेचा कुणाला असा उपयोग होतो म्हणजे काय, वगैरे विचार मनात चालले होते.

त्यांच्या ओसरीवर सगळे जमले. तांडेल, त्याचा धाकटा भाऊ, वयनी, आणि तिच्या लुगड्याला धरून मुलगी. मी कागद सोडवला. तांडेलाने फ्रेम उजेडाकडे धरली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हें तेरेखोल?”

“हय.”

“मगे तें दावे वटेन कशें गेलें?”

केरीच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की तेरेखोल उजव्या हाताला येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी शिक्क्याचं उदाहरण देऊन समजावलं. तो ऐकत होता, पण त्याचं बोट पुढे सरकलं होतं. होडीचा तोल राहावा म्हणून डाव्या अंगाला एक जाड लाकूड बांधलेलं असतं, त्याला उलांडी म्हणतात. चित्रात उलांडी उजवीकडे होती. “ही होडी आमची न्हय,” तो हसून म्हणाला. “असली होडी सबंद किनारपट्टीक मेळची ना.” धाकटाही हसला. मीही हसले, दुसरं काय करणार.

मग तांडेलाचं बोट उभ्या माणसावर आलं आणि त्याचं हसू थांबलं. त्याने धाकट्याकडे पाहिलं. दादा गेल्यापासून होडीत त्याच्या जागी धाकटा उभा राहत होता. तीच उंची, तशीच मिशी. आणि धाकटा उजव्या हाताचा.

“हो आमचो धाकटो,” तांडेल म्हणाला.

मी म्हटलं, नाही, हा दादाच आहे, मी समोर बसून काढलाय. धाकटा फ्रेमजवळ आला, स्वतःला पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरून खांबाला टेकला. जिवंत माणसाच्या चित्राला हार कोण घालणार?

वयनीने फ्रेम हातात घेतली. खूप वेळ घेतला तिने. मी पुढे वाकून दाखवत होते, हे नाक बघ, ही मिशी बघ, भुवई बघ. तोंड आहेच केवढं त्या चित्रात, तांदळाच्या दाण्याएवढं, पण त्या दाण्यासाठी मी एक आख्खी सकाळ घालवली होती.

“नाक तेचें,” ती म्हणाली. “मिशी तेची. पूण बाये, हो तो न्हय.”

तिने चित्र पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलं, दोऱ्याची गाठ पहिल्यासारखी मारली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मग चहा केला. मला बशीत दोन बिस्किटं दिली. बसपर्यंत पोचवायला मुलीला घेऊन आली. मी काही बोलले तर ती ‘हय, हय’ म्हणायची. माझ्याकडे बघत नव्हती.

परतीच्या बसमध्ये मला राग आला होता. तिचा, तांडेलाचा, सगळ्यांचा. एवढं चांगलं चित्र, पणजीत लोक बघत उभे राहतात, आणि यांना दिसतं काय तर उलांडी. हरमल मागे पडेपर्यंत हे चाललं. मग माझ्या लक्षात आलं की मी चिडलेय ती माझं चित्र परत आलं म्हणून. ती बाई मात्र नवरा मिळेल म्हणून हात पुढे करून बसली होती आणि तिला मी दीर दिला होता. मला माझी इतकी लाज वाटली की मी फ्रेम पायाखाली सरकवली.

घरी सगळ्यांनी उपाय सुचवले. आई म्हणाली, आरशात दाखव. वर्सलाला काय आरसा टांगायचा? वडील म्हणाले, पत्रा दे, पत्र्यावर सुलटं आहे ना. पत्र्यावर सुलटं होतं खरं, पण शाईने काळवंडलेल्या जस्तावर तिला ओरखड्यांपलीकडे काय दिसणार? मी नव्याने काढायला बसले. चार दिवस बसले. डाव्या हाताने जाळं सोडणारा माणूस यायचा, पण तो कुणीही असायचा. दादा समोर असताना मला तो कसा वळतो हे नुसतं डोळ्यांनी दिसत होतं, मी ते शिकले नव्हते.

शेवटी पत्रा घेऊन पणजीला सरांकडे गेले. सगळं सांगितलं. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. आपलं ते वाक्य त्यांना आठवलं असेल की नाही कोण जाणे. म्हणाले, एक करता येतं. पत्र्यावरून ताजी प्रत काढायची, आणि तिची शाई ओली आहे तोवर तिच्यावर दुसरा ओला कागद ठेवून पुन्हा प्रेसमधून काढायचं. उलट्याचं पुन्हा उलटं होतं. जुने कारागीर पत्र्यावर कुठे दुरुस्ती हवी ते ताडून पाहायला अशी प्रत काढत. “पण ती विकायची नसते,” सर म्हणाले. “फिकी येते. बारीक रेघा उठत नाहीत.”

आम्ही दोघांनी मिळून ती काढली. शाई जरा जास्तच ओली ठेवली, दाब वाढवला. तीन कागद वाया गेले. चौथा उचलला तेव्हा तेरेखोल उजवीकडे होतं. उलांडी डावीकडे. आणि मधोमध, राखेच्या रंगाचा, दादा कमरेतून वळून डावा हात डोक्यावरून नेत होता. मी सरांसमोरच रडले. मग जवळ नेऊन पाहिलं. जाड रेघा आल्या होत्या, हात, पाठ, जाळं. तोंड उठलं नव्हतं. तांदळाच्या दाण्याच्या जागी नुसता करडा ठिपका.

आता काय करायचं ते मला कळेना. एकात तोंड होतं आणि माणूस दुसरा होता. दुसऱ्यात माणूस तोच होता आणि तोंड नव्हतं. आणि तिने मागितलं होतं ते तोंडच. वर्सल दोन दिवसांवर आलं होतं. सरांनी प्रत वाळवून दिली, मी तीच जुनी फ्रेम उघडून आत ती बसवली आणि केरीला गेले. या वेळी बसमध्ये काही विचार केले नाहीत.

वयनी अंगणात खारवलेले मासे उलटत होती. हात धुऊन आली. मी कागद सोडवायच्या आधीच बोलून टाकलं, “वयनी, आतां तो सारको आयला. पूण तोंड उठूंक ना. म्हाका माफ कर.”

तिने फ्रेम घेतली, हातभर लांब धरली, मग आणखी लांब, पण तिचे हात पुरेनात. तिने मुलीला हाक मारली आणि फ्रेम तिच्या हातात देऊन म्हणाली, “थंय वच. माडाकडेन.” मुलगी छातीशी फ्रेम धरून अंगणात गेली. “मात्शी पयस.” ती आणखी मागे गेली, सुकत घातलेल्या जाळ्यांपर्यंत. एवढ्या लांबून मला त्या चित्रात काही दिसत नव्हतं, एक करडा चौकोन आणि त्यात एक तिरका फटकारा. वयनी उंबऱ्यात उभी राहिली, कपाळावर हात आडवा धरला आणि डोळे बारीक केले.

मी पुन्हा म्हटलं, तोंड आलं नाही म्हणून.

“बाये,” ती चित्रावरची नजर न काढता म्हणाली, “वेळेर रावन होडयेक पळयतना, तोंड केन्ना दिसतालें?”

वेळ म्हणजे किनारा, आणि किनाऱ्यावरून होडीकडे बघताना तोंड कधीच दिसत नसतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती कपाळावरचा हात काढत नव्हती. “तोच,” ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, “तोच तो.”

फ्रेम धरून उभ्या मुलीला चित्र दिसत नव्हतं, ती नुसती आईचं तोंड बघत होती. वयनी पायऱ्या उतरून तिच्यापर्यंत गेली, फ्रेम स्वतःच्या हातात घेतली आणि तिला दाराकडे पाठवलं. मुलगी माझ्या शेजारी येऊन उंबऱ्यात उभी राहिली. वयनीने जाळ्यांपाशी उभं राहून फ्रेम डोक्याइतकी वर धरली.

“हात पळय तेचो,” ती तिथून मोठ्याने म्हणाली. “दावो हात. तो तुजो बापूय.”

मुलीने कपाळावर हात आडवा धरला. थोडा वेळ पाहिलं. मग दुसरा हात वर करून तिने तो हलवला, होडी किनाऱ्याकडे वळली की पोरं हलवतात तसा.